मोज्यातली अंजिरं

आधी मोज्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही तुम्हाला.

मी वाईत डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. खोली बघत फिरत होते. कुणीतरी सांगितलं, गल्लीच्या शेवटी सिस्टर राहतात, मागची खोली देतात. गेले. फाटक उघडलं तर समोर एक झाड. मध्यम उंचीचं, हाताच्या पंजासारखी खरबरीत पानं. आणि त्या झाडाला पांढरे मोजे लटकलेले. झाडभर! नर्सबायका घालतात ना, गुडघ्यापर्यंतचे, ते. मला वाटलं दोरी तुटली असेल म्हणून धुणं झाडावर टाकलंय. मी आपली चांगुलपणानं ओरडले, "अहो मावशी, मोजे वाळलेत, काढून ठेवू का?"

"हात लावू नगंस! पेशंट हाय त्यो!"

आतनं असा आवाज आला की मी परत फाटकाच्या बाहेर.

तर ते झाड अंजिराचं होतं. अंजीर पिकायला लागलं की पाखरं टोचतात, वटवाघळं खातात, म्हणून सिस्टर एकेका फळाला एकेक मोजा चढवायच्या आणि वरनं बँडेजच्या पट्टीनं गाठ मारायच्या. स्वतःचे जुने मोजे संपले तसे दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरांचे फाटके मोजे गोळा करून आणले होते. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघायचा. सिस्टरना त्याचं काही नाही. "बघू दे की. दवाखान्यात बी बघायला येत्यात लोकं."

दिसायला बुटक्या. रिटायर झाल्या तरी पांढरी साडी सुटली नव्हती, फक्त आता तिच्यावर मातीचे डाग. छातीवर नर्सचं ते उलटं घड्याळ लावलेलं. ते बंद होतं! मी एकदा विचारलं, बंद घड्याळ कशाला लावता? तर म्हणाल्या, "न्हाईतर मोकळं मोकळं वाटतं."

त्या पहिल्या दिवशी मला पाटावर बसवलं आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीय?

"तू कशी झालीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे जन्माला कशी आलीस? डोक्याकडनं, पायाकडनं, का चिमटा लावून वढलीय?"

मी म्हणाले, मला काय माहिती.

"मग खोली न्हाई. इचारून ये."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. मी एसटीनं दहिवडीला घरी गेले आणि आईला विचारलं. आई आधी लाजली, मग सांगितलं की दवाखान्यात न्यायला निघालेली जीप वाटेत बंद पडली आणि मी तिथंच झाले, बाभळीच्या झाडाखाली. परत येऊन सिस्टरना हे सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की उठून उभ्याच राहिल्या. "वाटंवरची! आगं, आमच्याकडं अशी एकबी न्हाई!" खोली मिळाली. त्या दिवसापासून मी वाटंवरची. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, मला तर शंका आहे की ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

कारण सगळ्यांना त्या अशीच हाक मारायच्या. आयुष्यभर बाळंतपणं केलेली. "निम्मी वाई माझ्या हातात पडलीय," असं म्हणायच्या आणि त्या निम्म्या वाईला जन्माच्या वेळेवरनं ओळखायच्या. पलीकडच्या गल्लीतले हेडमास्तर, टक्कल, चष्मा, हातात छत्री, त्यांना भर बाजारात हाक, "ए चिमट्या, बायकूचं बीपी बघितलंस का?" हेडमास्तर मान खाली घालून म्हणायचे, "व्हय सिस्टर." आमच्या गल्लीतच एक एसटी कंडक्टर राहायचा. दांडगा गडी, मिशा अशा. तो पायाकडनं जन्मलेला, म्हणून पायाळू. अख्खी गाडी ज्याला घाबरायची तो सिस्टरपुढं "काय वं सिस्टर" म्हणून लाजायचा.

बाग म्हणजे त्यांचा वॉर्ड. वाफ्यांना नंबर. एक नंबर मिरची, दोन नंबर वांगी, तीनला अळू, असं. सकाळी राऊंड व्हायचा, हो, राऊंडच म्हणायच्या. मी ब्रश तोंडात धरून दारात उभी असायचे आणि त्या वांग्याचं पान उलटं करून मला सांगायच्या, "दोन नंबरची रात बेचैन गेली." पपईला काचेच्या सिरिंजनं कसलंतरी ताक-हिंगाचं इंजेक्शन द्यायच्या. मातीची चव घेऊन बघायच्या, खरंच, चिमूटभर जिभेवर, आणि लगेच लाल औषधाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. मग चव कशाला घ्यायची? मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्वच्छतेचं वेड इतकं की मला मिरच्या तोडायला लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. मिरच्यांसाठी!

आणि एक वाक्य होतं त्यांचं. काहीही झालं, दूध उतू गेलं, विंचू निघाला, माझा पेपर अवघड गेला, की म्हणायच्या, "घाबरायचं मागनं. आधी काय करायचं ते सांग."

बाहेरच्या खोलीत बुद्धांचा फोटो, त्याला रोज बागेतलं एक फूल. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम. देवदेव, नवस, दृष्ट काढणं यातलं काही चालायचं नाही. शेजारच्या काकू पौर्णिमा-अमावास्येला लिंबू-मिरची बांधायच्या, तर सिस्टर कुंपणावरनं म्हणायच्या, "ती मिरची खा की वं, अंगाला लागंल तरी." काकू चिडायच्या. पण घरात कुणाला ताप आला की पहिल्यांदा सिस्टरच्याच दारात यायच्या.

आता पोरीचं.

सिस्टरना एक मुलगी. नवरा लवकर गेला, हिला एकटीनंच वाढवलं. तिला मिरजेला नर्सिंगला घातलं. तिथं तिनं सांगलीचा एक मुलगा बघितला, दुसऱ्या समाजातला, आणि कोर्टात लग्न करून मोकळी झाली. आईला न सांगता. सिस्टरना हे कळलं कुणाकडनं, तर दवाखान्यात ड्रेसिंगला आलेल्या एका पेशंटकडनं! त्याचा पाय हातात धरलेला, आणि तो म्हणतो, "सिस्टर, पेढे कुठायत?"

"जातीचं मला काय न्हाई," त्या मला सांगायच्या, अंजिराच्या पानाचा चीक बोटावरनं पुसत. "पोरगा चांगला असंल, नसंल. पर निम्मी वाई जलमताना पयल्यांदा मला कळतं, आन माझ्याच पोरीचं लगीन मला परक्याकडनं कळावं?"

त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, बोलावल्याशिवाय तिच्या दारात जाणार नाही. आणि मुलगी म्हणे म्हणाली होती, आईला यायचं तेव्हा येऊ दे, मी काय दार लावून बसले नाही. झालं. तीन वर्षं तशीच गेली. त्यात बातमी आली की मुलीला दिवस गेलेत. ती बातमीही दुसऱ्यांकडनंच. पहिलं बाळंतपण. माहेरी व्हायचं असतं ना? आणि माहेर कसलं, तर असलं, जिथं आईनं आख्ख्या तालुक्याची बाळं हातात घेतलेली! पण ना तिनं बोलावलं, ना या गेल्या. सातवा लागला, आठवा लागला. सिस्टर फक्त कॅलेंडरपुढं जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या आणि मग दोन नंबरला उगाच पाणी घालायच्या. वांगी कुजायला आली होती पाण्यानं.

आणि मग वैशाखात एक दिवस सिस्टर माझ्या खोलीच्या दारात आल्या. चेहरा असा की लॉटरी लागलीय.

"वाटंवरचे, निरोप आलाय."

"कुणाचा?"

"तिचा. डोहाळं लागल्यात अंजिराचं. आपल्याच झाडाचं पायजे म्हणं. पायाळूनं आणला निरोप, सांगलीवरनं."

मी टुणकन उडीच मारली. म्हणाले, मग चला ना, उद्याच जाऊ! तर म्हणाल्या, "कच्ची हायत अजून. रविवारी उतरवायची." आणि त्या दिवसापासून झाडाखालनं हलल्याच नाहीत. मोज्यावरनं एकेक अंजीर चाचपायच्या, डोळे मिटून. रोज दहादा. मी म्हणाले, आता पोचवायची कशी, अंजीर तर सांगलीपर्यंत जाईस्तोवर पाणी होईल या उन्हात. तर माळ्यावरनं त्यांनी एक निळी पेटी काढली. गावोगाव लस न्यायची असते ना, बर्फ घालून, ती. झाकणाला तडा गेला म्हणून बाद झालेली. तडा त्यांनी चिकटपट्टीनं बुजवला. सगळी तयारी झाली. फक्त रविवार यायचा होता.

शनिवारी दुपारी गारा पडल्या.

कसं सांगू, इतकं पटकन झालं! दुपारी असं ऊन होतं की कृष्णेच्या घाटावर पाय ठेववत नव्हता. मग एकदम अंधारलं. वारा सुटला, धूळ, कुणाचे तरी पापड उडत आमच्या अंगणात आले. सिस्टर आकाशाकडं बघून म्हणाल्या, "वळीव हाय, जाईल." आणि पहिली गार पत्र्यावर आपटली. टण्ण! मग दुसरी. आधी बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या, मग देवाशप्पथ लिंबाएवढ्या! पत्र्याचा असा आवाज की समोरासमोर बोललेलं ऐकू येईना. पपईची पानं फाटून छत्रीच्या काड्यांसारखे नुसते दांडे उरले. मी दारात उभी राहून किंचाळत होते, कशाला ते मलाच माहिती नाही.

तेवढ्यात रस्त्यावरनं पायाळू सायकल सोडून पळत येताना दिसला, खाकी शर्ट डोक्यावर घेतलेला. विजा कडकडत होत्या. आणि पायाकडनं जन्मलेल्या माणसावर वीज पडते असं आमच्याकडं सगळे म्हणतात ना, तर काकू पलीकडनं ओरडायला लागल्या, "अगं बाई, त्याला आत घ्या, तो झाडाखाली थांबेल!" सिस्टर कुठल्याच अंधश्रद्धेला न मानणाऱ्या. त्या पुढं झाल्या, त्याची कॉलर धरली, त्याला आत ओढला आणि माझ्या अंगावर ढकलला. "हितंच थांब! हालायचं न्हाई!"

आणि स्वतः डोक्यावर मोठं पातेलं पालथं घालून बागेत गेल्या.

मी "सिस्टर!" म्हणून ओरडले. त्यांना काय ऐकू येणार, पातेल्यावर गारा वाजतायत! त्या अंजिराखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी फांद्या खाली ओढून अंगाखाली घ्यायला लागल्या. किती घेणार? एका बाजूची घेतली की दुसऱ्या बाजूचा मोजा तुटून पडायचा. काकूंनी तोवर अंगणात तवा पालथा फेकला. गारा थांबाव्यात म्हणून टाकतात तसा. एरवी सिस्टरनी त्यांची सालटी काढली असती. त्या वळल्या, तव्याकडं बघितलं, मला वाटलं आता बोलणार. तर पळत घरात आल्या, कपाटातनं दवाखान्यातला तो किडनीच्या आकाराचा स्टीलचा ट्रे काढला आणि जोरात अंगणात भिरकावला! खण्णकन तव्याशेजारी जाऊन पडला. मी बघतच राहिले. पायाळू पण. सिस्टरनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही दोघांनी तोंड फिरवलं. पुन्हा पातेलं डोक्यावर घेऊन त्या बागेत.

आता त्या घोळात मी पायाळूला म्हणाले, "बघा ना, तुम्ही एवढा निरोप आणला, आणि आता अंजिरंच गेली. आता कुठल्या तोंडानं जायचं सांगलीला?"

तो शर्टानं केस पुसत होता. थांबला.

"कसला निरोप?"

"डोहाळ्याचा. सिस्टरच्या मुलीचा."

"मी? आगं बाई, मी संक्रांतीपासनं लोणंद गाडीवर हाय. सांगलीचं तोंड बघितलं न्हाई मी."

"मग कुणी आणला?"

"मला काय म्हाईत! त्यांनी इचारलं हुतं मला, सांगलीला जातूस का म्हणून. न्हाई म्हणलं, तर तोंड फिरवून गेल्या."

आम्ही दोघं खिडकीतनं बाहेर बघायला लागलो. बाहेर सिस्टर पातेलं डोक्यावर घेऊन झाडाला मिठी मारून उभ्या. माझं डोकंच चालेना. निरोप आलाच नाही? मग पोरगी वाट बघत नाहीये? मग ही पेटी, हा रविवार, हे सगळं काय? पायाळू हळूच म्हणाला, "तू काय बोलू नगंस हां त्यांना." मी म्हणाले, मी कशाला बोलू. पण बोलायला पाहिजे की नको, हेही मला कळत नव्हतं. न बोलावता गेल्या आणि तिनं दारातनं परत पाठवलं तर?

गारा थांबल्या तशा एकदम थांबल्या. लख्ख ऊन. आणि सगळं अंगण पांढरं! मी जन्मात असं बघितलं नव्हतं, आमच्याकडं पाऊसच पडत नाही तर गारा कुठल्या. कोपऱ्याकोपऱ्यात गारांचे ढीग, पाय टाकला की बधिर. आणि वास! कढीपत्ता, तुळस, कोथिंबीर सगळं एकत्र ठेचल्यासारखा. अळूच्या पानांची चाळण झालेली. कुंपणाजवळ एक बुलबुल मरून पडलेला. सिस्टर खांद्यावर निळ्या-काळ्या झालेल्या, पण त्यांनी काय केलं? त्यांनी राऊंड घेतला.

"एक नंबर गेला," मिरचीपुढं थांबून म्हणाल्या. "दोन नंबर..." एक वांग्याचं खोड बोटानं दाबून बघितलं. "वाचंल. तीन गेला. पपई... पपईचं काय सांगता येत न्हाई." आवाज अगदी दवाखान्यातला. मागनं मी, पायाळू आणि कुंपणावरनं काकू, तिघं गुपचूप चालतोय जणू मोठ्या डॉक्टरच्या मागं शिकाऊ पोरं.

अंजिरापुढं मात्र राऊंड थांबला. खाली बसल्या. चिखलात पडलेले मोजे एकेक उचलून चाचपायला लागल्या. बहुतेकांत नुसता लगदा, मोज्यातनं लाल रस गळत होता, ते बघून काकूंनी तोंडावर हात घेतला, रक्तासारखंच दिसत होतं ते. पण अधनंमधनं एखादा मोजा त्या बाजूला ठेवायच्या. झाडाला चिकटून त्या उभ्या होत्या ना, तेवढ्या फांद्यांवरची वाचली होती. ओंजळभर असतील. ती पण कुठं दबलेली, कुठं फुटलेली.

मी म्हणाले, "सिस्टर, राहू द्या आता. पुढच्या आठवड्यात बाजारातनं घेऊन..."

"पेटी आण."

"अहो पण..."

"घाबरायचं मागनं. पेटी आण. लाइट गेलीय, बर्फ कुठं मिळणार न्हाई. ह्या गारा भर."

मग काकूही इकडं आल्या आणि आम्ही चौघांनी अंगणातल्या गारा ओंजळी-ओंजळीनं पेटीत भरल्या. त्यांनीच पाडली, आता त्यांनीच पोचवायची, असं सिस्टर पुटपुटल्या. पण लगेच अंजिरं ठेवू देईनात. आधी गारांना घाम फुटू दे, म्हणाल्या, थेट गार लागली की लस मरते. मी म्हणाले, लस कुठाय? "तेच ते," म्हणाल्या. प्रत्येक अंजीर पुन्हा एका धुतलेल्या मोज्यात घालून वरच्या थरात निजवलं. निजवलंच म्हणायला पाहिजे, अशा हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. मला का नेलं, तर पेटी मांडीवर धरायला. खाली ठेवायची नाही, हिसके बसतात. साताऱ्यापासनं कराड, कराडपासनं इस्लामपूर, माझ्या मांड्या बधिर झाल्या, तड्यातनं गार पाणी ठिबकत होतं, ड्रेस ओला. शेजारचा माणूस दोनदा विचारून गेला, "पोलिओ हाय का?" मी म्हणाले, "नाही, अंजीर." त्यानं जागाच बदलली.

मला राहवेना. मी विचारलं, "सिस्टर, लहानपणी खूप आवडायची का तिला अंजिरं?"

"कुणाला? तिला? तोंडात धरायची न्हाई. बिया दातात अडकत्यात म्हणून थुकायची."

"मग आता डोहाळे अंजिराचेच कसे?"

"डोहाळ्याला काय अक्कल असती व्हय?" आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी पुन्हा धीर केला. "निरोप नक्की पायाळूनंच आणला ना?"

उसाची शेतं मागं जात होती. मग म्हणाल्या, "आठवा सरत आला. कुणीतरी निरोप आणायलाच पायजे हुता की नगं?"

म्हणजे त्यांनी ते मान्यच केलं, आणि तरी आम्ही चाललोच होतो!

सांगलीत उतरल्यावर आणखीच गोंधळ. मी म्हणाले, पत्ता विचारू का रिक्षावाल्याला? तर त्या पुढं चालायलाच लागल्या. डावीकडं, मग चक्कीशेजारनं आत, मग उजवीकडं. एकदासुद्धा कुणाला विचारलं नाही. आणि तीन वर्षांत एकदाही आले नाही म्हणायच्या! एका कोपऱ्यावर पानाच्या टपरीपाशी मात्र त्या थांबल्या. इतक्या थांबल्या की मला वाटलं इथनंच परत फिरतायत. घड्याळाला हात लावला, ते बंद घड्याळ, साडी नीट केली. "चल," म्हणाल्या. आवाज एवढासा.

वरच्या मजल्यावर घर. दार जावयानं उघडलं. किडकिडीत मुलगा, बनियनवर. सिस्टरना बघून त्याला काय हाक मारावी तेच कळेना. आई म्हणावं की सिस्टर. शेवटी "या मॅडम" म्हणाला बिचारा.

मागनं ती आली. पोट एवढं पुढं, एक हात कमरेवर. सिस्टरसारखीच बुटकी. मी पेटी धरून उभी, पाणी त्यांच्या उंबऱ्यावर ठिबकतंय.

"तुझा निरोप मिळाला," सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "अंजिरं आणल्यात."

"निरोप?" जावई म्हणाला. "कसला निर..."

"मीच दिला होता," ती पटकन म्हणाली. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईकडंच बघत होती. "किती उशीर लावलास."

आता मला सांगा, मी काय समजायचं? हिनं निरोप दिलाच नव्हता, हे मला माहीत, सिस्टरना माहीत, जावयाच्या तोंडावरनं तर दिसतच होतं. आणि ही सरळ म्हणते, मी दिला होता! पण सिस्टरचे खांदे एकदम खाली आले, निळेकाळे झालेले ते खांदे, जणू कालपासनं त्यांनी ते वर धरूनच ठेवले होते.

मग मात्र सगळं भराभर झालं. सिस्टरनी पेटी उघडली, वितळलेल्या गारांच्या पाण्यातनं एक मोजा काढला, मोज्यातनं अंजीर, एका बाजूनं फुटलेलं, आणि तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते मोज्याकडं बघत बघत तोंडात टाकलं. बिया लागल्या असणार. चेहरा जरा वाकडा झाला. पण गिळलं. लगेच सिस्टर मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. "चटई टाक. आडवी हो." आणि आम्हाला दोघांना गॅलरीत हाकललं, दार ओढून घेतलं.

गॅलरीत जावई आणि मी. तो म्हणाला, "निरोप नेमका कुणाबरोबर दिला होता हो हिनं?" मी म्हणाले, "मला काय माहिती, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." तो म्हणाला, "मला तर कोण काहीच सांगत नाही." मग आम्ही काय करणार, उरलेल्यातली दबलेली दोन अंजिरं वाटून खाल्ली. गार होती. छान होती एकदम.

आतनं सिस्टरचा आवाज यायला लागला. पाय सरळ कर. श्वास सोड. डोकं खाली हाय, चांगलं हाय. इथं दुखतं का? आणि ती म्हणाली, "आई, हात किती गार आहेत गं तुझे!" मग दोघी हसल्या की रडल्या, मला दाराच्या बाहेरनं कळलं नाही.

मग तिचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"पंधरा दिवसांमागं टपरीपाशी उभी होतीस. मी खिडकीत होते. वर का नाही आलीस?"

जावयानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"तवा अंजिरं कच्ची हुती," सिस्टर म्हणाल्या.